घाटीगावचा माळ ओसाड नाही

इंदूरने 2024 च्या जुलैमध्ये एका दिवसात अकरा लाखांहून अधिक रोपे लावली, तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर दर पावसाळ्यात ग्वाल्हेर मागे का, हा वाद पेटतो. यंदा अण्णाने, म्हणजे माझ्या थोरल्या मामेभावाने, ग्वाल्हेरजवळच्या घाटीगावकडच्या माळाचा फोटो टाकून खाली लिहिले, ‘‘एवढी ओसाड जमीन पडली आहे, इथे जंगल उभे करायला कोणाची हरकत असेल?’’ माझी आहे, असे मी कळवले. त्यावर उत्तर आले, ‘‘तू तिकडे आफ्रिकेत हत्ती बघ. मे महिन्यातले 45 अंश आम्ही सोसतो.’’

उन्हाचा मुद्दा मला मान्य आहे. ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागातल्या रस्त्यांवर, मुरारच्या वस्त्यांमध्ये, शाळांच्या आवारात कडुनिंब जितके लावाल तितके थोडेच. पण घाटीगावला लावलेल्या झाडाची सावली लष्करात पडत नाही, आणि अण्णा ज्याला ओसाड म्हणतो तो माळ गवत आणि विरळ झाडे यांनी मिळून उभा केलेला आहे. मी दक्षिण आफ्रिकेत म्बोम्बेलाला राहतो. इथल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात बाभळीच्या कुळातली झाडे गवतात अंतराअंतराने उभी दिसली की ग्वाल्हेरहून आलेले माझे पाहुणे हरखून जातात. तेच दृश्य आग्रा-मुंबई रस्त्याच्या कडेला दिसले की त्यांना तिथे काहीच नाही असे वाटते. याचा मला मनापासून राग येतो.

गवत आणि झाड एकाच मातीतले पाणी पितात, तरी एकाने दुसऱ्याला हुसकावून का लावले नाही, हा प्रश्न वनस्पतिशास्त्रज्ञांना अनेक दशके पडलेला आहे. हाइनरिख वॉल्टर या जर्मन शास्त्रज्ञाचे म्हणणे असे होते की गवताची मुळे वरच्या थरातले पाणी घेतात आणि झाडे खोलवरचे. ते काही अंशी खरे आहे, पण पुरेसे नाही, कारण झाडाचे कोवळे रोपही आधी त्याच वरच्या थरात गवताशी झुंजत वाढते. 2005 मध्ये महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या 854 ठिकाणांची माहिती एकत्र करून दाखवले की वर्षाला साधारण 650 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर पाण्याची टंचाईच झाडांना दाटू देत नाही; पाऊस त्याहून जास्त असेल तर झाडे दाटून एकमेकांना भिडू शकतात, आणि तिथे गवत टिकते ते वणव्यामुळे आणि चरणाऱ्या जनावरांमुळे.

अण्णाचा सर्वांत भक्कम मुद्दा इथेच उभा राहतो. ग्वाल्हेरला पाऊस 650 हून जास्त, म्हणजे तिथे मुळात जंगलच होते आणि माणसाने ते तोडून-जाळून माळ केला, असे तो म्हणतो. क्रूगरमध्ये 1954 पासून प्रयोग म्हणून जमिनीचे काही तुकडे दरवर्षी, काही दोन-तीन वर्षांनी जाळले जातात आणि काही कधीच जाळले जात नाहीत. प्रिटोरियसकॉपच्या जास्त पावसाच्या भागात न जाळलेले तुकडे झाडोऱ्याने दाटले आहेत, हे खरे आहे. परंतु आग ही काही माणसाचीच करणी नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांच्या गाळातले पुरावे सांगतात की आपल्या उपखंडात उष्ण, कोरड्या हवेतली ही गवते 60 ते 80 लाख वर्षांपूर्वीच पसरली होती, आणि तेव्हा कुऱ्हाड किंवा काडी हातात घेणारा माणूस पृथ्वीवर नव्हता.

वणव्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी त्या काळ्या जमिनीवर वाकून पाहावे. गुडघाभर उंचीचे रोप वरून कोळसा झालेले असते आणि त्याच्या बुडाशी, मातीला लागून, पोपटी फुटवे आलेले असतात. खाली मूळ मनगटाएवढे जाड असते, कारण ते रोप अनेकदा जळून अनेकदा फुटलेले असते. एखाद्या वर्षी आग चुकली आणि शेंडा ज्वाळांच्या वर गेला, तरच त्याचे झाड होते. शेजारीच कुसळी गवत असते. त्याच्या बियांचे कुसळ ओलाव्याने पीळ खाते व उलगडते, आणि बी स्क्रूसारखे जमिनीत उतरून आगीच्या तावडीतून सुटते. घाटीगावला हेच कुसळी गवत आमच्या पायजम्यांत घुसायचे आणि आजी दिव्याखाली बसून एकेक कुसळ उपटून काढायची. इथे ते माझ्या मोज्यांत घुसते. जात एकच, हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस.

दक्षिण आफ्रिकेने झाडांचा हिशेब पाण्याशी मांडला आहे. इथल्या साबी गावाजवळच्या डोंगरांवर पाइन दाटीने लावले आणि ओढ्यांचे पाणी घटले. 1998 च्या जलकायद्यानुसार व्यापारी वनलागवडीला पाणी वापरणाऱ्या उद्योगासारखाच परवाना लागतो, आणि 1995 पासून सरकार मजुरी देऊन परकी झाडे तोडून घेते. आपल्याकडे मात्र झुडपी माळाची नोंद सरकारी नकाशांत पडीक जमीन अशीच होते. घाटीगावचे अभयारण्य ज्या माळढोकासाठी घोषित झाले त्याला मोकळे गवत लागते, तो पक्षी तिथून गेला, आणि आता उरलेल्या गवतात खड्डे खणायची घाई झाली आहे. 2022 मध्ये कुनोत चित्ते आले तेव्हा गटावर सर्वांत आधी पेढ्यांचे फोटो अण्णानेच टाकले होते, आणि चित्ता तर धावायला मोकळा माळच मागतो.

‘तू तिकडे’ हे दोन शब्द मला जास्त लागले. ग्वाल्हेरला आम्हाला दक्षिणी म्हणत, पुण्याच्या नातेवाइकांना आमची मराठी हिंदीमिश्रित वाटे, आणि इथे शेजारी ब्रायला, म्हणजे निखाऱ्यांवर मांस भाजण्याच्या मेजवानीला, बोलावतात तेव्हा अजूनही कौतुकाने विचारतात की मी मूळचा कुठला. लष्करातले घर आता आमचे नाही. त्या शहराबद्दल बोलण्याचा माझा हक्क कशावर उभा आहे, हे मी अण्णाला पटवून देऊ शकत नाही. पण त्या माळावर मी लहानाचा मोठा झालो आणि तो समजून घ्यायला मला दुसऱ्या खंडावर यावे लागले, म्हणून मी गप्प बसणार नाही.

अण्णाला झाडांसाठी श्रमदान करायचेच असेल तर माळावर घुसलेली विलायती बाभूळ मुळासकट काढायला लोक जमवावेत, आणि रोपे मुरारच्या रस्त्यांवर लावावीत. त्या रोपांचा खर्च मी पाठवीन.