नाझकाचं गूढ टिकवायचंय? आधी तो झाडू लपवा

पेरूच्या वाळवंटातल्या नाझका रेषा, म्हणजे जमिनीवरची ती प्राचीन, अवाढव्य चित्रं, एलियननीच काढली असं रील करायचंय ना तुम्हाला? मग पहिलं म्हणजे वाचन-बिचन अजिबात करू नका, त्याने व्ह्यूज पडतात. सुरुवात थेट "शास्त्रज्ञही चक्रावले" इथूनच. कुठले शास्त्रज्ञ असं कोणी विचारत नाही, विचारलंच तर ब्लॉक.

मग ठणकावून सांगायचं की ही चित्रं फक्त आकाशातूनच दिसतात. 1927 साली तोरिबिओ मेहिया शेस्पे या पेरूच्याच पुरातत्त्व अभ्यासकाला टेकड्यांवर पायी हिंडताना या रेषा दिसल्या होत्या, पण ते सांगून कशाला मूड घालवायचा? हायवेलगत एक मनोरा आहे, वर चढलं की झाडाचं आणि हातांचं चित्र दिसतं, तर तो मनोरा फ्रेममध्ये घेऊ नका. हायवेही नको, कारण तो सरड्याच्या चित्रातूनच आरपार गेलाय आणि ते काम माणसांनीच केलंय.

"काढली कशी?" यावर आवाज घोगरा करायचा. खरं उत्तर फारच बोअर आहे हो, वरचे काळपट-लालसर दगड बाजूला सारले की खाली फिकट जमीन, संपला विषय, आणि पाऊस जवळपास नाहीच म्हणून शतकानुशतकं टिकली. 1982 मध्ये अमेरिकेत जो निकेल नावाच्या, गूढ दाव्यांची छाननी करणाऱ्या गृहस्थाने घरच्या चार-पाच जणांना घेऊन दोरी, खुंट्या आणि चुना वापरून नाझकातल्याच कॉन्डॉरची, म्हणजे गिधाडासारख्या भल्यामोठ्या पक्ष्याच्या चित्राची, तब्बल 134 मीटरची नक्कल आखली, कबड्डीचं मैदान आखतात तशी, दोन दिवसही लागले नाहीत! असल्या माणसांपासून लांब राहा. मारिया रायशपासून तर फारच लांब, त्या जर्मन बाई वर्षानुवर्षं झाडूने वाळवंटातल्या या रेषा झाडत, मोजमापं घेत बसल्या. झाडू दिसला की एलियन पळालाच म्हणून समजा.

मध्येच कोणी कोकणातला म्हणेल, आमच्या कशेळीच्या कातळ सड्यावरही भलामोठा हत्ती कोरलाय. त्याला चहा पाजून गप्प बसवा, नाहीतर तिथंही यान उतरवावं लागेल आणि पार्किंगचे वांधे.

आता खरी अडचण. 2020 मध्ये नाझकात 37 मीटरचं मांजराचं एक चित्र सापडलं, उतारावर मस्त पसरलेलं. इतके प्रकाशवर्षं प्रवास करून कोणी मांजर काढतं का, याची तयारी ठेवा. त्यात 2024 मध्ये जपानच्या यामागाता विद्यापीठाने एआय वापरून 303 नवीन आकृत्या शोधल्या, त्यातल्या बऱ्याचशा लहान आणि पायवाटेच्या कडेला, म्हणजे चालत जाणाऱ्यांना दिसाव्यात अशा. घाबरू नका. एलियनही उतरल्यावर थोडं चालतच असतील की, यानात बसून बसून पाय आखडतात.