माणसं चाचणी मध्येच का सोडतात?

क्लिनिकल ट्रायलला, म्हणजे औषधाच्या माणसांवरच्या चाचणीला, माणसं मिळत नाहीत याचं कारण मी वाचलेल्या एका लेखात 'लोकांची भीती आणि अज्ञान' असं दिलंय. मला ते अर्धवट वाटतं. मी काही वर्षं ट्रायल समन्वयक म्हणून काम केलंय. भीती असते, पण नीट बसून समजावलं, प्रश्न विचारू दिले की बरीचशी ओसरते. खरी अडचण पुढे असते. पुन्हा पुन्हा उपाशीपोटी रक्त द्यायला यायचं, कामावर खाडा करायचा, सोबतीला कुणीतरी शोधायचं. दोन-तीन भेटींनंतर फोन उचलणं बंद होतं. बरं वाटायला लागलेला येत नाही आणि त्रास वाढलेलाही येत नाही! मग उरलेल्यांच्या आकड्यांवरून औषध आहे त्यापेक्षा चांगलं किंवा वाईट दिसू शकतं. म्हणजे गळतीमुळे निष्कर्षच डळमळतो.

२०२० मधली, कोविडवरचे उपचार तपासणारी ब्रिटनची रिकव्हरी चाचणी आठवा. रुग्णालयात दाखल असलेल्या कोविड रुग्णांनाच त्यात घेतलं, कागदपत्रं मोजकी ठेवली. डेक्सामेथासोन या स्टेरॉइड औषधाचा निकाल ६,००० हून अधिक रुग्णांवरून साधारण तीन महिन्यांत हाती आला. दीर्घ आजारांत इतकं सोपं जमणार नाही, मान्य. पण अनावश्यक भेटी कमी करणं, प्रवासखर्च वेळेवर देणं तरी जमेल ना?

आणि निकाल कळवणं. तो जाणून घेण्याचा पर्याय सहभागींना द्यावा, असं माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा सांगतो. आमच्याकडे एक आजोबा शेवटच्या भेटीपर्यंत आले होते. "औषध लागू पडलं का हो?" हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना उत्तर कधीच गेलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.