शकुंतलेसाठी हळहळायला जाताय? मग हे वाचा

शकुंतलेच्या, म्हणजे आमच्या वऱ्हाडातल्या अरुंद रुळांवरच्या जुन्या रेल्वेच्या, बंद स्टेशनवर जाऊन गळा दाटून यायला हवा असेल तर एक पथ्य पाळा, गाडी चालू होती तेव्हा तिच्यात चुकूनही बसलेलं नसावं. मूर्तिजापूरला जायचं तर एसटी नाहीतर काळीपिवळी, आणि वर "तिच्यात कोन बसते बाप्पा, पायी गेलेलं परवडते". ज्यांनी असं केलं तेच आज जास्त रडतात, आमच्या घरात असे चार जण आहेत, पहिला मी.

आता निघा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही जवळपास 190 किलोमीटरची नॅरोगेज, त्यातलं कुठलंही लहान स्टेशन चालेल, फक्त कार थेट फलाटापर्यंत गेली पाहिजे. फलाटावर पऱ्हाटीचा ढीग दिसेल, तो फ्रेममधून काढा. ही लाइन टाकलीच मुळात वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला, आता त्याच फलाटावर कापसाच्या काड्या चुलीसाठी वाळतायत, पण एवढं सगळं सेल्फीत कुठे बसवता.

कॅप्शनमध्ये "आजही इंग्रजांच्या मालकीची रेल्वे" पाहिजेच! ही लाइन काढणारी किलिक निक्सन कंपनी 1857 मध्ये मुंबईतच निघाली आणि केव्हाच भारतीयांच्या हातात आली हे लिहू नका, लाइक पडतात कमी. राष्ट्रीयीकरणातून ही लाइन सुटली, मालकी कंपनीची अन् गाडी चालवणार रेल्वे, मग रूळ दुरुस्त करायचे कोणी, हे तर अजिबातच नको, लोक झोपतील. त्यापेक्षा इंजिनाचं टाका. मँचेस्टरला बनलेलं 1921 चं वाफेचं इंजिन, एप्रिल 1994 पर्यंत राबवलं, मग कुठे डिझेल आलं.

आणि गार्डचा किस्सा विसरू नका, फाटक आलं की गाडी थांबवून हाच उतरणार, फाटक लावणार, गाडी पुढे गेली की उघडणार, अन् तिकिटंही हाच देणार. सांगताना खूप हसायचं. स्टाफच नव्हता म्हणून तो एकटा मरत होता हे कशाला मध्ये आणता.

बकऱ्या घेऊन एखादी आजी येईलच. तुमचा कॅमेरा बघून तिला वाटणार मोजणीवाले साहेब आले.

"गाडी सुरू होनार हाय का जी?"

घोषणा ऐकून ऐकून तिचे कान किटलेत, तरी तुम्ही ठोकून द्या, "हो आजी, ब्रॉडगेज होणार आहे."

"होऊ द्या. तवापर्यंत तुमची गाडी तं घ्या बाजूले, बकऱ्याइले वाट नाही राह्यली."