एकच तेल दोन डब्यांत घालून विकलं नाही, दादा

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय गुरुवारी रात्री दुकान बंद करताना वाचला. गाडीचं गिअरबॉक्सचं आणि मागच्या हौजिंगचं तेल बदलायला तुम्हाला अडीच तास बसावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागते. तुमच्या आधी गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर दोन गाड्या होत्या, हे आल्या आल्या सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही, ती चूक आमची.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, "दोन्ही डब्यांवर ८०डब्ल्यू-९०च लिहिलेलं. तेल एकच, लेबलं दोन. पाच लिटरचा एक डबा दिला असता तर भागलं असतं. सुटे डबे माथी मारून ३४० रुपये जास्त घेतले, आणि एवढं करून सकाळी गिअर जडच पडतो." यावर मला गप्प बसवत नाही. बिल माझ्या हातचं आहे.

८०डब्ल्यू-९० हा आकडा नुसत्या जाडीचा आहे. डब्ल्यूच्या अलीकडचा थंडीतल्या जाडीचा, पलीकडचा तेल तापल्यावरच्या जाडीचा. जाडी सारखी म्हणून तेल सारखं होत नाही. दोन चादरी मापाला सारख्या असल्या तरी सूत वेगळं असतं, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. तेलाचं सूत कुठलं ते त्याच लेबलवर बारीक अक्षरात असतं. जीएल नंबर म्हणतात त्याला, तो गिअरच्या तेलाचा प्रकार सांगतो. तुमच्या एका डब्यावर जीएल-४ होतं, दुसऱ्यावर जीएल-५. जीएल-४ गिअरबॉक्समध्ये गेलं, जीएल-५ मागच्या हौजिंगमध्ये, म्हणजे मागच्या चाकांच्या मधल्या गोल पेटीत.

हौजिंगमधला पिनियन म्हणजे छोटा गिअर, क्राऊन म्हणजे त्याने फिरणारं मोठं दातेरी चाक. पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यावर नसतो, थोडा खाली बसवलेला असतो. त्यामुळे त्यांचे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, आडवे घासत सरकतात. गाडीत कांद्याच्या गोण्या भरून तुम्ही चढाला लागता तेव्हा त्या दातांमधून तेल पिळून बाहेर पडतं आणि लोखंडाला लोखंड भिडतं. तेव्हा कामाला येतं ते तेलात मिसळलेलं गंधक-फॉस्फरसचं औषध. ते तापलेल्या दातांवर पातळ थर धरतं, म्हणून दात एकमेकांना चिकटून सोलले जात नाहीत. जीएल-५ मध्ये हे औषध जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतं. हौजिंगला ते लागतंच. तिथं जीएल-४ घालून गाडी लोडवर चालवली तर क्राऊन-पिनियन आवाज करायला लागतो, आणि तो खर्च तुमच्या बिलाच्या कितीतरी पट असतो.

गिअरबॉक्समध्ये हेच औषध जास्त झालं की उलटं होतं. आत पितळी सिंक्रो रिंगा असतात. तुम्ही क्लच दाबून गिअर टाकता तेव्हा ती रिंग गिअरच्या निमुळत्या भागाला क्षणभर घट्ट धरते, दोघांचा वेग सारखा करते आणि मग दात गुंततात. धरायचं म्हणजे घर्षण पाहिजे. जीएल-५ बऱ्याचदा इतकं बुळबुळीत पडतं की रिंग घसरते, वेग जुळत नाही, गिअर अडतो नाहीतर कर्रकन वाजतो. शिवाय गरम तेलातलं ते गंधक हळूहळू पितळ खातं. सगळ्या कंपन्यांची तेलं सारखी नसतात. काही डब्यांवर दोन्हीकडे चालेल असं छापलेलं असतं, काही गाड्यांचं पुस्तकच गिअरबॉक्सला जीएल-५ सांगतं. तसं असलं तर आम्हीही एकाच डब्यातून दोन्हीकडे घालतो. तुमच्या गाडीच्या पुस्तकात गिअरबॉक्सला जीएल-४ आणि हौजिंगला जीएल-५ असं लिहिलंय. ते पान मी काउंटरवर उघडून ठेवलं होतं.

तुम्ही तेव्हा फोनवर होता. पलीकडचे भाऊ म्हणत होते की पाच नंबर चारपेक्षा भारी, सगळीकडे तेच टाका. स्पीकर चालू होता म्हणून ऐकू आलं. असं समजणारे पुष्कळ लोक येतात, त्यात तुमचा दोष नाही. पण मी पुस्तकातलं दाखवायला गेले तर तुम्ही म्हणालात, "ताई, तुम्ही बिल करा, तेलाचं मी मिस्तरींशी बोलतो." सासरे गेल्यापासून अकरा वर्षं या काउंटरवर मी आहे. कुठल्या गाडीला कुठलं तेल, हे आमचे मिस्तरीसुद्धा खड्ड्यातून मलाच ओरडून विचारतात. तुम्ही खड्ड्यापाशी गेलात, त्यांनीही तेच सांगितलं, मग तुम्ही हो म्हणालात. अभिप्रायात हे कुठेच आलं नाही.

३४० रुपयांचं सांगते. पाच लिटरचा डबा घेतला की लिटरमागे स्वस्त पडतो, हे खरंय. पण पाच लिटरमध्ये एकच तेल येतं. तुमच्या गिअरबॉक्सला अडीच लिटर लागलं आणि हौजिंगला दोन, म्हणून एकाचे तीन आणि दुसऱ्याचे दोन सुटे डबे घ्यावे लागले. मोठा डबा माझ्या पाठीमागच्या फळीवर होता. तो काढून दिला असता तर वाद नव्हता, वेळही वाचला असता आणि तुम्ही खुशीत गेला असता. मला ते करता आलं नाही.

वेळेचंही एक. हौजिंगचा तेल भरायचा बोल्ट कुणीतरी आधी चुकीच्या पान्याने फिरवून गोल करून ठेवला होता. तो सुटायलाच पाऊण तास गेला. खालचा बोल्ट काढून तेल आधी सोडलं असतं आणि वरचा सुटलाच नसता, तर तुमची गाडी तेलाविना आमच्या दारात उभी राहिली असती. म्हणून आमच्याकडे आधी वरचा, मग खालचा, असं करतात.

आता सकाळी गिअर जड पडतो त्याबद्दल, आणि इथं माझी दुसरी चूक आहे. तुमच्या गिअरबॉक्सचं जुनं तेल ट्रेमध्ये उन्हाला धरलं तेव्हा त्यात सोनेरी चमक होती. चुंबकाच्या बोल्टाला जी काळी पेस्ट लागते ती पोलादाची रोजची झीज, तिला घाबरायचं कारण नसतं. पण पितळ चुंबकाला चिकटत नाही, तेलातच राहतं. त्या तेलाला वासही हौजिंगच्या तेलासारखा उग्र होता. म्हणजे याआधी कुणीतरी गिअरबॉक्समध्ये हौजिंगचंच तेल घातलं असावं, असं मिस्तरींचं म्हणणं. हे त्यांनी मला सांगितलं आणि मी गर्दीत तुम्हाला दाखवायचं विसरले. तो ट्रे तुमच्यासमोर धरला असता तर कदाचित हा अभिप्राय आलाच नसता. झिजलेली रिंग नवीन तेलाने भरून येत नाही, एवढं मात्र खरं. आता थंडी आहे, पहिले दोन-तीन किलोमीटर तेल घट्ट असतं, तेवढ्यापुरता गिअर जड पडत असेल तर काळजी नको. हैदराबाद रोडला लागून गाडी चांगली तापल्यावरही दुसरा-तिसरा अडत असेल, तर एकदा या. चालवून बघू, त्याचे पैसे घेणार नाही.

दुकान बारा फुटांचं आहे. परवा मार्केट यार्डातले एक नेहमीचे गिऱ्हाईक आले, त्यांनी बिल करायच्या आधी दोन्ही डबे हातात घेऊन लेबलं वाचली. आठ वर्षांत पहिल्यांदाच. त्यांना मी काही बोलले नाही, पण घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. तुमचे तारे वाढवा असं म्हणत नाही. वेळेचं लिहिलंय ते राहू द्या, ते खरं आहे. "तेल एकच, लेबलं दोन" एवढं वाक्य काढता आलं तर बघा.

गर्दीच्या दिवशी नंबर देण्याचं काहीतरी करतोय. कुठलं तेल कुठे, याचा फलकही भिंतीवर लावायचाय, गड्ड्याच्या जत्रेची धामधूम संपली की बघू. जुनं तेल गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय ट्रे रिकामा करायचा नाही, असं पोरांना सांगितलंय.

आणि उरलेलं अर्धा लिटर वाया गेलं असंही तुम्ही लिहिलंय. ते वाया गेलेलं नाही. ड्रायव्हर सीटच्या मागे डबा ठेवलाय, झाकण घट्ट लावलंय, वर मार्करने "गिअरबॉक्स" लिहिलंय. ते हौजिंगमध्ये कुणाला ओतू देऊ नका.