शिळं ते विष? आधी कुकरचं झाकण उघडून बघू

घरच्या ग्रुपांवर एक संदेश पुन्हापुन्हा फिरतो. शिळं अन्न विष असतं, गीतेतही तसं लिहिलंय. भात परत गरम केला की विषारी होतो. फ्रीजमधली कणीक पिंडासारखी, तिच्याकडे भुतं येतात. शिळ्यात सत्त्व उरत नाही. आणि फोडण्या घालून उरलंसुरलं संपवण्यात पैसे वाचत नाहीतच. यातला एकच दावा अर्धा खरा आहे, आणि नेमका तोच उलटा सांगितलाय.

आधी गीता. सतराव्या अध्यायातला दहावा श्लोक ‘यातयामं गतरसं’ असा सुरू होतो. याम म्हणजे प्रहर, तीन तास. शिजवून प्रहर उलटलेलं, रस गेलेलं अन्न तामसी माणसाला आवडतं, असा त्याचा अर्थ. विष हा शब्द तिथे नाही. त्या मापाने सकाळी सातला भरलेला ऑफिसचा डबाही दुपारी एकला बादच ठरतो. तो कुणी फेकत नाही.

आता भात. अर्धं खरं ते इथे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात. हे विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. म्हणजे दोष गरम करण्याचा नाही, रात्रभर कुकरमध्ये झाकून ओट्यावर ठेवण्याचा. जेवणं आटोपली की उरलेला भात ताटात बोटभर जाडीचा पसरा, निवला की उथळ डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत हे व्हायला हवं. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच काढा, सगळीकडून वाफ येईपर्यंत गरम करा, आणि तो पुन्हा फ्रीजमध्ये ठेवू नका. रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र वास आला नसला तरी टाकून द्या. हे विष वासावरून कळत नाही.

शिवाय फोडणीचा भात थंड भाताचाच चांगला होतो. गार होताना दाण्यातला स्टार्च घट्ट होतो आणि दाणा सुटा राहतो. ताज्या गरम भाताचा गिचका होतो. तीन वाट्या भाताच्या गुठळ्या ओल्या हाताने मोडा. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, दोन मिरच्या, एक कांदा. हळद फोडणीतच घाला, भातावर टाकली तर कच्ची लागते. मीठ भात शिजताना घातलं असेल तर आता निम्मंच. शेवटी पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा, मंद आचेवर चार मिनिटं. हबका विसरलात तर दाणे टोचतात.

कणकेच्या भुतांबद्दल काय बोलणार! ती काळी पडते ते बघून लोक घाबरतात. गव्हाच्या कोंड्यातली द्रव्यं हवेशी संयोग पावतात म्हणून तो रंग येतो. कापलेलं सफरचंद काळवंडतं तसंच. गोळ्याला तेलाचं बोट फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर रंग कमी बदलतो. फ्रीजमध्येही पिठातली एन्झाइमं थोडं काम करतात, म्हणून दुसऱ्या दिवशी ती सैल आणि चिकट होते. ठेवायची कणीक मुळात घट्ट मळा, काढल्यावर वीस मिनिटं बाहेर राहू द्या, जरा पीठ लावून पुन्हा मळा. एका दिवसात संपवा. आंबूस वास आला, तार सुटली, तर टाका.

सत्त्वाचं म्हणाल तर, परत गरम करताना क जीवनसत्त्व आणखी घटतं. डाळीतली प्रथिनं आणि भाजीतलं लोह रात्रीत कुठे जात नाही. हिरव्या चटणीची गोष्ट वेगळी, ती ताजीच करा.

राहिला खर्च. चार शिळ्या पोळ्यांच्या कुस्कऱ्याला (शिळ्या भाकरीचे असले तर काही भागात कुटके) एक कांदा, दोन चमचे तेल, मूठभर दाणे आणि आठ मिनिटांचा गॅस लागतो. तेवढ्यात दोघांची न्याहारी होते. नव्या पोह्यांना तेल, कांदा तेवढाच, वर पोहे वेगळे. वाटीभर उरलेल्या वरणात पाणी न घालता मावेल तेवढी कणीक, ओवा, तिखट घालून मळलं की पराठे होतात. वरण पातळ असेल तर आधी आटवून घ्या. कुस्करताना एकच पथ्य: पोळ्या हाताने मोडा. मिक्सरमध्ये फिरवल्या की निम्म्याचं पीठ होतं, आणि ताकाचा हबका बसला की कढईत त्याचा उपमाही होत नाही, लगदा होतो.