गावात मोठा सौर प्रकल्प येतोय? ‘हो’ म्हणण्याआधी हे लिहून घ्या

मोठ्या सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आला की पहिल्याच बैठकीत गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, विकास अडवू नका. दुसरा म्हणतो, जमीन द्यायची नाही म्हणजे नाही. या गदारोळात कंपनीचा माणूस नकाशा गुंडाळून निघून जातो आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं ज्यावर अवलंबून आहेत ते प्रश्न कुणी विचारतच नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकावं. सौर वीज हवीच आहे, कोळसा जाळत राहणं कुणालाच परवडणारं नाही. पण गावाची संमती अटींसकट द्यायची असते, आणि अटी संमतीच्या आधी लिहून घ्यायच्या असतात. सह्या झाल्यावर मागितलेल्या अटीला कंपनी फक्त मान डोलावते.

आधी आकार समजून घेऊ. एका मेगावॉटला, म्हणजे दहा लाख वॉट क्षमतेला, साधारण 4 ते 5 एकर लागतात. रस्ते, विजेचं उपकेंद्र, सोडलेली जागा धरली तर जास्तच. म्हणजे 100 मेगावॉटला 400-500 एकर आणि 550 वॉटचं पॅनल धरलं तर एक लाख ऐंशी हजारांच्या वर पॅनल. कर्नाटकातला पावगडा प्रकल्प 2,050 मेगावॉटचा, सुमारे 13,000 एकरांवर पसरलेला. तिथे जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली, म्हणून भाडेकराराची चर्चा निघाली की त्याचं नाव येतंच.

आता ज्या भीतींवर बैठकीचा निम्मा वेळ जातो त्या पटकन बाजूला काढू. पॅनलमधून किरणोत्सर्ग होत नाही. चकाकी असते, पण काचेवर परावर्तन कमी करणारा थर असतो. अडचण होते ती सकाळ-संध्याकाळी सूर्य खाली असताना, तेही रस्त्याच्या वळणावर किंवा विमानतळाजवळ. आवाज पॅनलचा नसतो, इन्व्हर्टरच्या पंख्यांचा आणि ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणण्याचा असतो. ती खोकी घरांपासून दीड-दोनशे मीटर लांब ठेवायला लावा, विषय संपला. उष्णतेचा मुद्दा मात्र अगदीच खोटा नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत प्रकल्पावरची रात्रीची हवा शेजारच्या मोकळ्या रानापेक्षा 3 ते 4 अंशांनी गरम आढळली होती. हा परिणाम अंतराबरोबर विरतो. त्यामुळे घरं आणि फळबागांच्या बाजूला झाडांचा रुंद पट्टा मागणं रास्त आहे.

खरा त्रास पाण्याचा होतो, आणि तोही आधी पावसाच्या पाण्याचा. पॅनलवर पडलेला पाऊस पसरून जमिनीवर येत नाही, खालच्या कडेवरून एका रेषेत कोसळतो. त्या रेषेखाली गवत असेल तर पाणी जिरतं. पण प्रकल्प उभारताना सोयीसाठी सगळी जमीन खरवडून सपाट करतात, वरची सुपीक माती ढकलून देतात, जड यंत्रं फिरवून खालचा थर दाबून टाकतात. मग पहिल्या जोरदार पावसात त्या रेषेची घळ होते, गाळ खालच्या शेतात उतरतो आणि ओढ्याची मोरी बुजते. त्यात बांध मोडलेले, जुने चर केबलच्या खोदाईत बुजलेले. केबल साधारण मीटरभर खोल पुरतात, त्या वाटेत शेताची जुनी पाइपलाइन आली तर तीही तुटते. नुकसान होतं ते बहुतेक वेळा ज्याची जमीन प्रकल्पात गेलेलीच नाही त्याचं, म्हणजे ज्याच्याशी कंपनीचा कुठलाही करार नाही त्याचं.

म्हणून पाण्याच्या अटी नेमक्या हव्यात. नैसर्गिक उतार आणि ओढे होते तसे राहतील. वरची माती वेगळी साठवून परत पसरली जाईल. पॅनल बसवण्याआधी गवत पेरलं जाईल, नंतर नाही. पाणी जिथून बाहेर पडेल तिथे गाळ अडवणारं तळं असेल आणि पावसाळ्याआधी ते उपसलं जाईल. शेजारच्या शेतात गाळ गेला तर किती दिवसांत पाहणी आणि किती दिवसांत भरपाई, हेही लिहा. उताराचा नकाशा मागा. तो नसेल तर कंपनीने अजून जमीन पाहिलेलीच नाही असं समजा.

दुसरं पाणी धुण्याचं. धुळीने वीज घटते, म्हणून पॅनल धुवावे लागतात. काटकसरीने दोन लिटर प्रति पॅनल धरले तरी 100 मेगावॉटला एका धुण्यात साडेतीन लाख लिटरच्या वर जातात. महिन्यातून दोनदा धुतलं तर वर्षाला सुमारे 87 लाख लिटर. नळी मोकळी सोडून धुतलं तर याच्या कितीतरी पट. शिवाय क्षारयुक्त पाण्याचे काचेवर पांढरे डाग पडतात, म्हणून ते शुद्ध करून वापरतात आणि शुद्ध करताना उरलेलं खारट पाणी कुठेतरी सोडतात. ते कुठे सोडणार, हा प्रश्न हमखास राहून जातो. पाण्याचा ताण असलेल्या भागात कोरड्या ब्रशच्या यंत्राने सफाई करण्याचीच अट घाला, आणि प्रकल्पाच्या आवारात बोअरवेल घेणार नाही हे वेगळ्या कलमात लिहून घ्या.

जमिनीबद्दल माझा आग्रह स्पष्ट आहे: बारमाही पाण्याची, दोन पिकं देणारी जमीन पॅनलखाली घालू नये. मग "पडीक जमीन घेतो" असं उत्तर येतं. नोंदीत पडीक दिसणाऱ्या त्याच रानावर मेंढ्या चरतात, बाया सरपण गोळा करतात, गुरं पाण्यावर जातात. कुंपण पडलं की हे सगळं एका दिवसात बंद. चराईच्या वाटा आणि पाणवठ्याचे रस्ते नकाशावर आधी आखून घ्या आणि कुंपण त्यांना वळसा घालून जाऊ द्या. शेतमजूर आणि कसणारी कुळं यांचाही विचार त्याच बैठकीत व्हायला हवा. मालकाला भाडं मिळतं, पण त्याच शेतावर मजुरी करणाऱ्याला काहीच मिळत नाही. नोकऱ्यांची मोठी आश्वासनं उभारणीच्या काळातली असतात. नंतर उरतात ते पहारेकरी, सफाईवाले, गवत कापणारे आणि थोडे तंत्रज्ञ. भूमिहीन घरांसाठी उत्पन्नातला ठरावीक वाटा दरवर्षी बाजूला निघाला पाहिजे.

भाड्याचं गणित घरी बसून करा. समजा पहिल्या वर्षी भाडं 100 आहे आणि दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ आहे. पंचविसाव्या वर्षी ते जेमतेम 180 होतं. महागाई वर्षाला 5 टक्के धरली तर तोवर 100 ची वस्तू 320 च्या पुढे गेलेली असते. म्हणजे भाड्याची खरी किंमत जवळजवळ निम्म्यावर आली. वाढ महागाई निर्देशांकाला जोडून मागा. आणखी एक फास असतो. आधी फक्त जमीन राखून ठेवण्याचा करार करतात, वर्षं निघून जातात, प्रकल्प येत नाही आणि जमीन विकताही येत नाही. ठरलेल्या मुदतीत काम सुरू झालं नाही तर करार आपोआप रद्द, हे कलम नसेल तर सही करू नका. करार बहुतेकदा फक्त या प्रकल्पापुरत्या काढलेल्या छोट्या कंपनीशी होतो आणि ती पुढे विकली जाते. तेव्हा मूळ कंपनीची हमी हवी, आणि मालक बदलला तरी सगळ्या जबाबदाऱ्या नव्या मालकावर जातील असं स्पष्ट हवं.

प्रकल्प संपल्यावर काय, हा प्रश्न हसण्यावारी नेला जातो. एका मेगावॉटचे पॅनल साधारण 50 टनांच्या वर भरतात. 100 मेगावॉटचे पाच हजार टनांहून जास्त. अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि लोखंड भंगारवाला आनंदाने नेतो. मागे राहते ती चिकटलेली काच आणि प्लॅस्टिक, ज्यात जोडणीचं थोडं शिसंही असतं. ते वेगळं करणं खर्चाचं आहे. म्हणून उचलण्याचा खर्च पहिल्या काही वर्षांतच कंपनीच्या हाताबाहेरच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हायला हवा. जमिनीतले खांब आणि काँक्रीट किती खोलीपर्यंत काढणार तेही लिहा. वरून कापून माती लोटली तर नांगराचा फाळ तिथेच अडकणार.

पॅनलखाली शेती करू, असं सांगितलं तर आनंद आहे, पण ते उंचीवर ठरतं. मेंढ्या चरायला खालची कड पाऊण-एक मीटरवर असली तरी चालते. (शेळ्या नकोत, त्या पॅनलवर चढतात आणि केबल कुरतडतात.) ट्रॅक्टरने पीक घ्यायचं तर दोन-तीन मीटर किंवा जास्त उंची आणि रुंद ओळी लागतात, लोखंडाचा खर्च वाढतो. खांब ठोकल्यावर हे बदलता येत नाही. जपानने 2013 पासून अशा शेतीला परवानगी देताना उत्पादन परिसराच्या सरासरीच्या 80 टक्क्यांखाली जाऊ नये अशी अट घातली. जर्मनीच्या 2021 च्या मानकात ही मर्यादा 66 टक्के आहे. अशी आकड्यातली अट नसेल तर ‘शेतीसह सौर’ हे माहितीपत्रकातलं चित्र राहतं. पिकंही निवडावी लागतात. पालेभाज्या, चारा अर्धवट सावलीत तग धरतात, मक्यासारखी उन्हाची पिकं मार खातात.

आगीबद्दल एकच, पण महत्त्वाचं. सैल जोडणीत ठिणगी पडून वाळलेलं गवत पेटतं, आणि मुख्य स्विच बंद केला तरी दिवसा पॅनलमध्ये वीज तयार होतच राहते. त्यामुळे बादल्या घेऊन आत धावू नका. कुंपणाच्या आत-बाहेर गवत काढलेला पट्टा, बंब आत जाईल एवढा रस्ता आणि जवळच्या अग्निशमन केंद्राला प्रशिक्षण, हे आधी ठरलेलं असावं. गवत तणनाशकाने जाळणार नाही, कापणार, हेही त्यातच.

आणि पहिलं यंत्र गावात शिरायच्या आधी एक काम उरकून घ्या. सगळ्या विहिरी-बोअरवेलची पाणीपातळी मोजा, ओढ्यांचे, बांधांचे, मोऱ्यांचे आणि गावरस्त्याचे तारखेसह फोटो काढा, रस्त्याशेजारच्या घरांच्या भिंतींवरचे जुने तडे टिपून ठेवा आणि त्या नोंदीवर कंपनीच्या प्रतिनिधीची सही घ्या. दोन पावसाळ्यांनी विहीर आटली किंवा मोरी खचली तर ‘हे आधीपासूनच असं होतं’ या वाक्याला तुमच्याकडे दुसरं उत्तर नसेल.