फाटक बंद करून मुले सुरक्षित होतील का?

"संध्याकाळी सातनंतर एकाही मुलाला फाटकाबाहेर सोडायचे नाही, असा ठरावच सोसायटीने करावा," अशी सूचना अण्णांनी मांडली, तेव्हा कट्ट्यावरच्या निम्म्या माना डोलल्या. रस्त्याकडेच्या गाड्या फोडल्याच्या आणि कोयते नाचवून दहशत माजवल्याच्या बातम्या पुणेकर गेली काही वर्षे वाचत आहेत. आता आमच्या मागच्या गल्लीतही तसा प्रकार घडून गेल्यामुळे, पोर क्लासवरून दहा मिनिटे उशिरा आले तरी घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

मास्तरांना हा ठराव मुळीच मान्य नव्हता. महापालिकेच्या शाळेत त्यांची हयात गेली आहे आणि या भागातली दोन पिढ्यांची मुले ते नावाने ओळखतात. त्यांचे म्हणणे असे, की आपण आपली मुले आत घेतली म्हणजे रस्ता रिकामा राहत नाही, तो दुसऱ्याच्या ताब्यात जातो. जिथे मुले खेळत आहेत, इस्त्रीवाल्याची टपरी उघडी आहे आणि दिव्याखाली चार माणसे बसली आहेत, तिथे हत्यार काढणाऱ्याला दहा वेळा विचार करावा लागतो.

"माणसे असून काय उपयोग, मास्तर?" वहिनींनी विचारले. "जून 2023 मध्ये सदाशिव पेठेत भर दिवसा त्या मुलीच्या मागे एक तरुण कोयता घेऊन धावला, तेव्हा रस्त्यावर माणसे नव्हती का? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरे मध्ये पडली म्हणून ती वाचली."

वहिनींचा मुद्दा बिनतोड होता. नुसती गर्दी कोणाचे रक्षण करत नाही, एकमेकांना ओळखणारी माणसे करतात. आणि मला वाटते, आमच्या चौकात नेमकी हीच ओळख गेल्या काही वर्षांत विरळ झाली आहे.

वकीलसाहेब तोवर शांत होते. अण्णांनी "या पोरांना मोठ्यांसारखीच शिक्षा द्या" असे म्हटले आणि कल्याणीनगरच्या अपघातात दोघांचा जीव घेणाऱ्या अल्पवयीन चालकाला जामीन देताना लिहायला सांगितलेल्या 300 शब्दांच्या निबंधाची आठवण काढली, तेव्हा ते बोलू लागले. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याचा विचार फक्त निर्घृण गुन्ह्यात होतो, आणि निर्घृण गुन्हा म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे तो. खुनाच्या प्रयत्नाला कमाल शिक्षा मोठी असली तरी अशी किमान मर्यादा नाही, त्यामुळे कोयत्याचा जीवघेणा वार करणारा सतरा वर्षांचा मुलगा सहसा बाल न्याय मंडळापुढेच राहतो. "हे तुम्हाला आज कळले," ते अण्णांना म्हणाले, "पण चौकातल्या भाईला ते केव्हाचे पाठ आहे. कोयता पोराच्या हातात देण्याचे कारणच ते आहे."

या वाक्यानंतर चर्चेचा रोख बदलला, आणि माझ्या मते तो योग्य ठिकाणी वळला. आपण आपल्या मुलांना ज्याच्यापासून वाचवू पाहतो, तो कोयतेवाला मुलगाही बहुधा शेजारच्याच वस्तीतला, आठवी-नववीत शाळा सुटलेला असतो. तो एका दिवसात तिथे पोहोचत नाही. आधी भाई त्याला पानाच्या टपरीवर पुडी आणायला पाठवतो आणि उरलेले पैसे ठेवून घ्यायला सांगतो. मग गाडीवर मागे बसवून एक फेरी मारून आणतो. रात्री बाराला गाडीच्या सीटवर ठेवलेला केक कोयत्याने कापला जातो, त्याचे चित्रीकरण करायला याच पोराच्या हातात मोबाईल दिला जातो आणि सकाळी चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या शेवटच्या रांगेत त्याचा पासपोर्ट आकाराचा फोटो झळकतो. ज्याला शाळेत कोणी नावाने हाक मारली नाही, त्याला तो फोटो पुरतो. पुढे कधीतरी गोणपाटात गुंडाळलेली वस्तू येते, "दोन दिवस घरी ठेव" एवढाच निरोप असतो, आणि त्या पोराला नाही म्हणण्याची सोय उरलेली नसते.

हे सगळे आमच्या डोळ्यांदेखत घडते, आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट तीच आहे.

कायदा इथे लंगडा नाही, असे वकीलसाहेबांनी ठामपणे सांगितले. मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला बाल न्याय कायद्याच्या कलम 83 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 95 मध्ये तर किमान तीन वर्षांची शिक्षा सांगितली आहे. त्यामुळे तक्रार देताना पोराच्या नावावर थांबू नये, त्याला पाठवणाऱ्या प्रौढाविरुद्ध ही कलमे लावण्याची मागणी लेखी करावी, असा त्यांचा आग्रह होता. मागच्या गल्लीतल्या प्रकाराची एक चित्रफीत अण्णांच्या मोबाईलवर फिरत आली होती आणि तीत एका मुलाचा चेहरा स्पष्ट दिसत होता. ती पुढे पाठवू नका, अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणे हाच मुळात गुन्हा आहे, असेही त्यांनी बजावले.

"नाव मी द्यायचे आणि उद्या दुकान माझे फुटायचे," अण्णा म्हणाले. त्यावर कोणी काही बोलले नाही. ज्याचे शटर रोज रस्त्यावर उघडते, त्याची भीती तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी हलकी मानू नये. म्हणूनच तक्रार एकट्याची असू नये, असे मला वाटते. ती सोसायटीच्या ठरावाने, पदाधिकाऱ्यांच्या सहीने जावी आणि तिची पोच घ्यावी. तातडीच्या वेळी 112 आहेच, आणि एखादे पोर वाईट संगतीत अडकताना दिसले तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवण्यासाठी गुन्हा घडण्याची वाट पाहावी लागत नाही.

वहिनींनी आपल्या मुलांसाठी सांगितलेली गोष्ट मला या सगळ्यात अधिक उपयोगी वाटली. क्लासच्या वाटेवर कोणत्या तीन दुकानांत बेधडक शिरायचे, कोणी मोबाईल हिसकावू लागला तर झटापट न करता तो सोडून द्यायचा, आणि कोणी "घरी सांगू नकोस" म्हणाला की ती गोष्ट त्याच दिवशी घरी सांगायची, एवढे त्यांनी मुलांना सोबत चालून दाखवून दिले आहे. मास्तरांनी याला जोड म्हणून शाळा सुटलेल्या पाच-सहा पोरांना संध्याकाळी समाजमंदिरात बसवून बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म भरून घेण्याची जबाबदारी अंगावर घेतली. ती पोरे येतील का, याची मला शंका आहे. भाईची गाडी समाजमंदिराच्या दारातूनच जाते.

चौकातल्या विनापरवाना फ्लेक्सबद्दल महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला आणि बंद पडलेल्या दोन दिव्यांबद्दल विद्युत विभागाला द्यायचे अर्ज वकीलसाहेबांनी लिहून काढले आहेत. सातच्या ठरावावर अण्णा अजून अडून आहेत आणि फ्लेक्सच्या अर्जावर सही करायला तयार नाहीत. दिव्यांच्या अर्जावर मात्र त्यांनी पहिली सही केली.